चालून दाखवण्याचा कार्यक्रम

मुलगी पाहायला येणाऱ्यांची आमच्याकडे एक खोड आहे. पोहे खाऊन होतात, शिक्षण विचारून होतं आणि मग त्यांच्यातली एखादी बाई पदराने तोंड पुसत म्हणते, "जरा चालून दाखव वं बाई." पोरगी लंगडत तर नाही ना, हे बघायचं असतं. बैलबाजारातही गिऱ्हाईक बैल चालवून बघतं, फक्त बैलाला त्यासाठी साडी नेसावी लागत नाही. मी फिजिओथेरपीत मास्टर्स केलं, चिखलीत स्वतःचं क्लिनिक टाकलं, आणि तरी अमडापूरच्या घरी, आमच्याच ओसरीवर, हे वाक्य मला ऐकावं लागलं.

स्थळ मामाने आणलं होतं. पाहुणे मलकापूरचे. मुलाचे वडील कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याकडच्या एका कारखान्यात यंत्रमानवांचे हात चालवणारा इंजिनियर. मामा आठवडाभर खुशीत होता. "तिघायचा एकच विषय, कायनेमॅटिक्स! घरात बोलाले काई कमी पडनार नाही," असं तो आईला सांगत फिरायचा. कायनेमॅटिक्स म्हणजे काय, हे मामाला विचारायची सोय नव्हती.

ते सांगायचं काम मुलाच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी केलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी केलं. वस्तू किती सरकली, किती वेळात, वेग वाढला की कमी झाला, एवढंच या शास्त्रात बघायचं. ती कशामुळे हलली, याची चौकशी करायची नाही. "आणि सोपं जावं म्हणून वस्तूला बिंदू समजायचं. मोटार असो, चेंडू असो, माणूस असो, बिंदू!" बशीतल्या पोह्यांत चमच्याने त्यांनी एक बिंदूही काढून दाखवला. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं म्हणे. वा रे शास्त्र! यांच्या बिंदूला गुडघा नाही, टाच नाही, सकाळी उठताना कंबर धरत नाही.

मग चिरंजीव सरसावले. त्यांच्या यंत्राच्या हाताला सहा सांधे, आणि प्रत्येक सांधा किती अंशात वळला हे त्यांना बसल्या जागी कळतं. "तुमचं माणसांचं त्या मानानं ढोबळच असतं, नाही का?" असं त्यांनी मला विचारलं. सहा सांध्यांवर एवढा माज! माणसाच्या एका तळपायात त्याहून कितीतरी जास्त सांधे असतात. कॉलेजात असताना आम्ही चालणाऱ्याच्या खुब्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर चकाकणारे गोळे चिकटवायचो आणि चहूबाजूंनी कॅमेरे लावायचो. तरी एकाच माणसाची दोन पावलं कधी हुबेहूब सारखी आली नाहीत. हे सगळं माझ्या जिभेवर होतं, पण दारातून आई डोळे वटारत होती, म्हणून मी गिळलं.

आणि तेवढ्यात मुलाची आई, म्हणजे काकू म्हणाल्या, "जरा चालून दाखव वं बाई."

बस, झालं. "आधी तुमच्या मुलाला चालू द्या, मग मी चालते," मी म्हटलं.

मामाला चहाचा ठसका लागला. चिरंजीव मोबाईलमध्ये घुसले. काका मात्र दिलदार निघाले. "बरोबर बोलली पोरगी! हा लाजून राह्यला तर मी दाखवतो," म्हणत ते उठले आणि अंगणातून फाटकापर्यंत ऐटीत चालत गेले. तिथून वळून परत आले. सगळे खो खो हसत होते. मामा तर टाळ्या वाजवत होता.

मी हसले नाही. काकांचा डावा हात नेहमीसारखा पुढे-मागे होत होता. उजवा मांडीशेजारी नुसता लोंबत होता. उजवं पाऊल जमिनीला घासत होतं. फाटकाशी माणूस सहज दोन पावलांत वळतो, तिथे ते बारीक बारीक पावलं टाकत, कपाट फिरवावं तसे अख्खेच्या अख्खे फिरले. अशी चाल मी कॉलेजात पडद्यावर पाहिली होती आणि क्लिनिकमध्येही. कंपवाताची सुरुवात. हात थरथरायच्या आधी कधी कधी हा आजार चालीतच दिसतो. लवकर ओळखला तर औषधं आणि व्यायाम यांच्या जोरावर माणूस बरीच वर्षं स्वतःच्या पायांवर राहतो. वय झालं म्हणून सोडून दिलं, तर एक दिवस पडतो आणि खुबा मोडून बसतो.

स्थळाची मला फिकीर नव्हती, ते माझ्या मनातून बिंदूपाशीच उतरलं होतं. पण हे आत्ता बोलले तर सूड उगवला असंच वाटणार, एवढं कळत होतं. तरी बोलले. "काका, तुमचा उजवा हात हलत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका."

हसणं जागच्या जागी थांबलं. "आम्ही पोरगी पाह्यले आलो, अन् ही आमच्यातच खोट काढून राह्यली!" काकू कडाडल्या. काका म्हणाले, खांदा आखडलाय, एवढंच. लोखंडी हाताचा अंश न् अंश ओळखणाऱ्या चिरंजीवांनी बापाच्या हाताकडे पाहिलं आणि सांगितलं, "नॉर्मल आहे." गाडीचा धुरळा बसायच्या आत आई रडायला लागली होती. "तुह्या तोंडाले कुलूप काऊन नाही?" मामाने विचारलं. दोन दिवसांत मलकापूरहून नकार आला आणि गावभर झालं की हिने पाहुण्यांना रोगी ठरवून हाकललं.

मला चैन पडेना. मामाला म्हटलं, फोन कर त्यांना, तर तो तोंड फिरवून बसला. शेवटी मीच मुलाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, नकार आल्यावर राग येतो, मी समजू शकतो." कप्पाळ माझं! नकार त्यांचा, राग माझा, आणि समजूतदार हा.

दिवाळीच्या सुमारास मामा पेढे घेऊन आला. काका न्हाणीच्या उंबऱ्याशी पडले होते. हाड वाचलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवातच सांगितला. "ते म्हनतात, पोरगी हुशार हाय. पुन्हा विचारून राह्यले," मामा पेढा पुढे करत म्हणाला. मला उमजायला वेळ लागला नाही. घरच्या घरी फिजिओ, तीही सून म्हणून, स्वयंपाकासकट. किती बेशरम असावं माणसानं!

"मामा, त्यायले सांग, पेशंट म्हणून या. सून म्हणून मी येत नाही." आईने पेढ्यांचा पुडा उचलून आत नेला.

येणार नाहीत असं धरून चालले होते. आले. चिरंजीव दोघांना क्लिनिकच्या दारात सोडून फोनवर बोलायला बाहेर गेले. काका वाळले होते. काकूंनी त्यांचं उजवं कोपर घट्ट धरलं होतं. त्यांना ऐकवायची दोन-चार वाक्यं मी कधीची घासून ठेवली होती.

माझ्या क्लिनिकच्या फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. असल्या पट्ट्या समोर दिसल्या की अडलेलं पाऊल उचललं जातं. मी काकांना म्हटलं, मोठ्याने मोजा आणि प्रत्येक पट्टी ओलांडा. ते मोजायला लागले. काकू त्यांच्या शेजारून, त्यांच्या पावलांवरची नजर न हलवता, स्वतःही एकेक पट्टी ओलांडत चालल्या होत्या.

"काकू, हात सोडा. त्यांना एकट्याने चालू द्या."

"सोडते वं, सोडते," त्या वर न बघता म्हणाल्या आणि दुसऱ्या हातानेही त्यांचं कोपर धरलं.

मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.