पन्नास डॉलर आणि वरचा एक

जून २०१९ मधला दुसरा शनिवार. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या स्मशानभूमीलगतच्या हॉलमध्ये, माझा मित्र विलास याच्या अंत्यविधीला, आम्ही एकतीस जण होतो. सवयीने मी मोजले. तीस ओळखीचे. एकतिसाव्या, पांढऱ्या दाढीच्या माओरी माणसाने विलासच्या बायकोच्या, मीनलवहिनींच्या हातात पाकीट दिलं. आत पन्नास डॉलर होते. मी त्याला ओळखलं आणि हातातला चहा खाली ठेवला. विलासपासून मी पाच वर्षं लपवलेली एकच गोष्ट होती आणि ती या हेमीशी निगडित होती.

विलास कोर्टाचे कागद लोकांना नेऊन द्यायचा. जे पोस्टाने चालत नाहीत, हातातच द्यावे लागतात, ते. शहराबाहेर घरांना धड नंबर नसत. तो गावातल्या डेअरीत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, ब्रेड घेऊन पत्ता विचारायचा, फाटकाशी एकदाच हॉर्न वाजवायचा आणि कोणी बाहेर येईपर्यंत गाडीतच बसायचा. त्याचं टॅक्स रिटर्न मी भरायचो. "नकाशावरच्या एकशे बाराचे एकशे चाळीस किलोमीटर कसे होतात रे?" असं मी २०१४ मध्ये विचारलं, तर म्हणाला, "ये आणि मोज."

म्हणून पुढच्या शनिवारी मी सोबत गेलो. वडिलोपार्जित सामायिक जमिनीच्या भाडेपट्ट्यावरून चुलतभावांचा वाद होता, आणि त्यांतल्या हेमीला त्या दिवशी पाचच्या आत कागद मिळाले नाहीत तर सुनावणी पुढे जाणार होती. हे कागद ज्या वकिलाचे होते, त्या एकाकडूनच विलासचं अर्धं काम यायचं. हेमी घरी नव्हता. शेजारीण म्हणाली, त्याची आई गेली, सगळे मराएवर आहेत. मराए म्हणजे त्यांच्या कुळाचं अंगण आणि सभागृह. मृतदेह तिथे तीन दिवस आप्तांमध्ये असतो.

फाटकाशी विलास म्हणाला, "संपलं. आता मंगळवारी."

"अरे, माणूस हमखास सापडणार तो इथेच. दोन मिनिटांचं काम."

"श्री, तुझ्या दारात प्रेत असताना कोणी नोटीस दिली तर?"

"तुझं अर्धं उत्पन्न जाईल."

"जाईल." थोडा थांबून म्हणाला, "आलोच आहोत, तर भेटून जाऊ."

तिथे पाकीट द्यायची रीत आहे. मी पन्नास डॉलर घातले आणि हाताच्या सवयीने वर एक डॉलरचं नाणं. विलासने पाकीट चाचपलं. "लग्नाला आलायस का?" त्याने नाणं काढून गाडीच्या अ‍ॅशट्रेत टाकलं आणि आत जाता येईल का ते विचारायला गेला. तेवढ्यात मी ते कागद माझ्या कोटाच्या खिशात सरकवले. कोणीही सज्ञान माणूस ते देऊ शकतो. विलासचा शब्दही राहील, कामही राहील... असं माझं गणित होतं.

रांग पुढे सरकली. हेमीने माझ्या खांद्यावर हात ठेवून नाकाला नाक टेकवलं. त्याचे गाल ओले होते. "किया ओरा," त्याने त्यांच्या भाषेत नमस्कार केला. "लांबून आलात." मी कोटाचं बटण सोडलंच नाही. परतल्यावर विलास पाणी प्यायला गेला, तेव्हा कागद जागच्या जागी ठेवले.

त्या वकिलाने अकरा महिने काम दिलं नाही. विलासने गोदामात पाळ्या केल्या. त्याचं रिटर्न भरताना ती घट मला दिसायची. कागद उचलल्याची लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर, कधीकधी ते दिले नाहीत याचीही.

हॉलमध्ये हेमीच माझ्याकडे आला. "कोटवाला तूच ना?"

मी मान हलवली.

"मंगळवारी विलास कागद घेऊन आला, तेव्हा म्हणाला, शनिवारी हे माझ्या मित्राच्या खिशात होते, टोक दिसत होतं. मी विचारलं, मग अडवलं का नाहीस? तर म्हणाला, तो मोजून वागणारा माणूस आहे, पण तुझ्यापर्यंत पोचल्यावर त्याच्याकडून ते होणार नाही." हेमी हसला. "मी कागद तिथेच, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही करून घेतले."

म्हणजे विलासला माहीत होतं. पाच वर्षं, दर एप्रिलला समोर बसून चहा पिताना. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता सहा आठवडे झाले. विलासची जुनी कोरोला त्याच्या मुलीने, गार्गीने, ठेवून घेतली. गाडीचे कागद तिच्या नावावर करायला गेलो तेव्हा अ‍ॅशट्रे उघडला. टोलच्या पावत्यांखाली नाणं तसंच होतं. गेल्या रविवारी गार्गीला लायसन्स मिळालं. मी पाकिटात पन्नास डॉलर घातले आणि वर ते नाणं ठेवलं.

"व्हाय द एक्स्ट्रा वन, काका?"

"बाबाने राखून ठेवला होता."

एकूण एक्कावन्न. गार्गीला पोचले.