हळदीकुंकवातली सीडी

जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चालत नाही म्हणजे काय? चालवणारा पाहिजे! नांदेडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि 'बाईमाणूस काय दुरुस्त करणार' म्हणणाऱ्यांचे लॅपटॉपही शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतात.

म्हणून लातूरहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "येते. काळजी करू नका."

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, लकवा मारून चार महिने झाले होते. चालायला लागला, बोलणंही बरंचसं सुधारलं, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून. बोटं हलवली नाहीत तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरनं बजावलेलं. व्यायामाला रबरी चेंडू दिला, तर यानं तो डाव्या हातानं भिंतीवर भिरकावला. "मी काय लेकरू हाय का?" मग एक दिवस आपणहून म्हणाला, तो मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून द्या, तो खेळतो. पूर्वी लातूरच्या आमच्या दुकानाचं शटर ओढलं की आम्ही दोघं तोच खेळायचो. मी एकदाही जिंकले नाही, तेही सांगून टाकते.

नव्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह पिशवीत टाकला आणि अहमदपूरमार्गे एसटीनं लातूर गाठलं. वहिनीनं सीडी हातात दिली आणि मी कपाळावर हात मारला. लातूरचं आमचं दुकान पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं. खंडेनवमीला पाने, पकडी, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा होते. वहिनीनं दरवर्षी सीडीचीही केलेली.

"चकचकीत बाजूच सुलटी वाटली, तिलाच लावलं की," ती म्हणाली.

अगं बाई! कॉम्प्युटर वाचतो ती नेमकी तीच बाजू. हळदीकुंकवाचे थर, त्यात चिकटलेली एक अक्षता. हसावं की रडावं कळेना. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं घेऊन मी मधून कडेकडे सरळ पुसत गेले. गोल गोल पुसली असती तर ओरखड्यांनी मेलीच असती.

सीडी वाचली. पण लॅपटॉपनं नाक मुरडलं, हा प्रोग्राम इथं चालणार नाही म्हणे. ते मला ठाऊकच होतं. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम असतो, तो टाकला आणि त्याच्या पोटात गेम बसवला. सुरू झाला, पण असा सुसाट, की गाडी सुटली न सुटली तोच भिंतीवर. नव्या यंत्राची ताकद त्याला झेपत नव्हती. त्यालाही इलाज आहे, वेग बांधून देता येतो. तासाभरात अगदी जुना वेग जमवला. मग अण्णाच्या हाताकडे पाहिलं आणि माझ्या मनानं तो आणखी निम्मा केला. त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बसला. एकट्या डाव्या हातानं इकडची तिकडची बटणं दाबत पहिला आला. पुन्हा पहिला. वहिनीनं टाळ्या वाजवल्या आणि मी तर नसलेल्या मिशांना पीळ देत होते. अण्णानं लॅपटॉप पुढं ढकलला.

"काय करायलीस तू? ही शर्यत हाय का वरात?"

"अण्णा, तुझ्या हाताला जमावं म्हणून..."

"हाताचं मी बघतो. तू गेम नीट कर. कीव करायला नांदेडहून आलीस व्हय?"

लई लागलं मला ते. पण खोटं काय होतं त्यात? यंत्राचा अंदाज बरोबर आला होता, माझ्या सख्ख्या भावाचा चुकला होता. जुना वेग परत लावला.

आता एका हाताचं काम नव्हतं. डाव्यानं पळवायचं, उजव्यानं वळवायचं. पहिल्याच वळणावर आपटला. पुन्हा आपटला. आपटला की शिवी, शिवी दिली की पुन्हा सुरू. शेवटी त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि बाणांच्या बटणांवर आणून ठेवला. गाडी सुटली. वळण आलं. वहिनीनं पदर तोंडाशी नेला. तर्जनी थरथरली, गाडी डावीकडं जराशी वळली आणि मग भिंतीवर आदळलीच.

अण्णाचं पडद्याकडं लक्षच नव्हतं. तो बोटाकडं बघत होता. त्या बोटाला अजून स्पर्श कळत नाही.

"दाबलं का गं मी?" त्यानं विचारलं.

"दाबलंस, अण्णा."