किसन्याचा पाणघोडा आणि माझा म्हसोबा

देवाच्या दगडावर शेंदराची पुटं चढतात ना, तसे माणसावर किस्से चढतात. एक वाळतो न वाळतो तोवर दुसरा. मी सातवी नापास, पण खोड्या काढण्यात शिरड शहापूरच्या अख्ख्या बाजारात माझ्या पुढं कोणी गेलं न्हाई. हे किस्से मात्र किसन्या धनगराचे आहेत. सांगताना माझ्या पोटात दुखतं. दुखू द्या.

*

किसन्या माझा लहानपणचा जोडीदार. त्याची एक शेळी नदीच्या दरडीवरून खाली उतरली. हा मागं धावला, घसरला आणि दरडीतल्या गोट्यांवर बसला. बुडाला टोचलं म्हणून उकरलं, तर मुठीएवढा दात निघाला!

तेव्हा कॉलेजच्या एक म्याडम नदीकाठी जुनी हाडं हुडकत फिरत होत्या. त्यांनी दात बघितला अन् मटकन खालीच बसल्या. पाणघोड्याचा दात, हजारो वर्षांपूर्वीचा, पार दगड झालेला!

किसन्याचा पेपरात फोटो आला. दात कॉलेजात काचेच्या पेटीत गेला, खाली पुठ्ठ्यावर 'शोधणारे : किसनराव, मेंढपाळ'. जन्मात त्याला कोणी राव म्हणलं न्हवतं.

मी पारावर म्हणलं, "ह्यानं शोधला कुठं? हा त्याच्यावर पडला."

कोणी हसलं न्हाई. माझ्या विनोदाला लोक हसले न्हाईत, असं पहिल्यांदाच झालं.

*

मग मी कामाला लागलो. मेलेल्या म्हशीचा जबडा आणला. कुरुंद्याच्या पाव्हण्याकडं हळद शिजवायचं काम चालू होतं, तिथं दोन घाण्यांबरोबर तोही शिजवून घेतला. छान पिवळा, जुनाट रंग चढला. दरडीत पुरला आणि म्याडमना बोलावलं.

म्याडमनी तो पुसला आणि सरळ जिभेला लावला. जुनं हाड जिभेला चिकटतं म्हणे, ही त्यांची पारख.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "मीठ राहिलं."

हे पारावर कळलं, आता मात्र हसले सगळे. किसन्या तर शेळीवाणी खोकलून खोकलून हसला.

*

त्यानंतर किसन्याचा रुबाब बघवंना. चैतात नदीत टिपूस न्हाई, पोरं पात्रात क्रिकेट खेळून राहिली, आणि हा बाभळीखाली बसून ज्ञान सांगतो. पाणघोडा होता म्हणजे इथं बारा महिने खोल पाणी होतं, काठाला हिरवं गवत होतं. दात घावला त्याच्या वर, दरडीच्या थरात चुन्याचे खडे आहेत, म्हणजे पुढं पाऊस हटला, उन्हानं जमीन करपली. दरड म्हणजे हवापाण्याची वहीच हाय म्हणे! सगळं म्याडमचं पाठ केलेलं. पण लोक ऐकत होते. माझी बायको तर त्याला दुसऱ्यांदा चहा द्यायला लागली. मला चाळीस वर्षांत एकदाच मिळाला, तोही मागून.

मी म्याडमना मुद्दाम विचारलं, दातावरून खरंच सगळं कळतं का? त्या म्हणाल्या, कळतं की. गवत खाणाऱ्याचा दात वेगळा झिजतो, पाला खाणाऱ्याचा वेगळा. कोणता चारा खाल्ला ते दाताच्या आत साठून राहतं.

"मग माझ्या दातावरून काय कळंल?"

किसन्यानं मधेच तोंड घातलं. "तंबाखू फुकटची होती, येवढं कळंल."

*

आता शेवटचा. त्याच्या आधी माझी एक जुनी खोडी सांगावी लागते.

चाळीस वर्षांपूर्वी किसन्याची मेंढरं माझं रान खायची. मला नदीत एक वाटोळा, डोक्यावाणी दगड घावला. मी तो बांधावर उभा केला, शेंदूर फासला आणि गावाला सांगितलं, म्हसोबा सपनात आला होता. मेंढरं थांबली. पण गाव जमलं, आणि किसन्याच पुढं होऊन बोलला, "बांध ह्याचा, तर मान बी ह्याचाच. दर आखाडात कोंबडं ह्याच्या घरचं." तेव्हापासून कोंबडं माझं, तंगडी किसन्याची.

औंदा आखाडात म्हसोबानं कवच टाकलं. शेंदराची पुटं फार झाली की आपोआप गळून पडतात, लोक ते चांगलं मानतात. गाव नारळ घेऊन गोळा झालं. म्याडमही आल्या, वाकल्या आणि बघतच राहिल्या.

"हा दगड नाही," त्या हळूच म्हणाल्या. "जुन्या हत्तीच्या मांडीच्या हाडाचा गोळा आहे. इतका शाबूत मी अजून बघितला नाही. हा इथं कोणी आणला?"

माझे डोळे लकाकले. दातापेक्षा मोठं हाड, किसन्याच्या पुठ्ठ्यापेक्षा मोठा पुठ्ठा, वर माझं नाव! पण भोवती अख्खं गाव, हातात नारळ. माझ्याच बायकोनं लेकरासाठी इथं नवस फेडलेला. तोंड उघडलं तर नाव मिळंल, पण गावात राहता येणार न्हाई.

म्याडम वाट बघून राहिल्या होत्या. मी किसन्याला बाजूला, बाभळीमागं नेलं.

"किसन्या, ते हाड मी आणलं. शेंदूर बी मीच फासला."

"ठाव हाय," किसन्या म्हणाला. "तू फासून राहिला होतास, तवा मी मेंढरं घेऊन वर दरडीवर उभा होतो."

"मग चाळीस वरसं बोलला काहून न्हाईस?"

किसन्यानं म्हसोबाकडं बघून हात जोडले.

"कोंबडं बंद झालं असतं."