नळदुर्गच्या माळावरच्या सहा पिशव्या

नळदुर्गच्या माळावर जायचं असेल तर सोलापूरहून सकाळची एसटी पकडा, ऊन चढायच्या आत पोचाल. मीही तीच पकडली. माझा प्रबंध एकाच प्रश्नावर उभा आहे: गवताच्या जाती जास्त, तिथं मातीतले सूक्ष्मजीवही जास्त प्रकारचे असतात का? त्यासाठी माती बर्फात ठेवून संध्याकाळी पाचच्या आत सोलापूरच्या प्रयोगशाळेत द्यायची होती. बर्फ नळदुर्ग स्टँडसमोरच्या रसवंतीत मिळाला, तो डब्यात भरला. रसवाले म्हणाले, "ताई, दुपारपस्तोर काय टिकायचा न्हाय ह्यो." तेव्हापासून मी सारखी डब्याचं झाकण उघडून बघत होते, म्हणजे बर्फ आणखी लवकर वितळत होता.

रिक्षा माळाच्या तोंडापर्यंत जाते. पाणी सोबत घ्या, सावली कुठेच नाही. एका अंगाला कुंपणात लावलेलं एकाच जातीचं गवत, बाहेर कुसळी, मारवेल, पवन्या असं सगळं मिसळलेलं. प्रत्येकाच्या मुळांतून वेगळं काही पाझरतं, म्हणून ते खाणारे जीवही वेगळे, असा आमचा अंदाज. दोन्हीकडून सहा-सहा पिशव्या भरल्या.

मेंढ्या राखणाऱ्या कोंडाबाई मावशी मघापासून बघत होत्या. त्यांनी विचारलं, तेव्हा कुठल्या गवताखालची माती कशासाठी नेतेय ते सांगितलं.

"मिसळीच्या गवतातली माती व्हय? मग तिथली कशाला घेतलीस? दिवाळी झाल्यावर आमची मेंढरं बसवली व्हती तिथं. चार राती."

चार रात्रींच्या लेंड्या आणि मूत. तिथले जीव गवतामुळं वाढले की मेंढरांमुळं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. प्रयोगशाळेत कोणाला कळणार होतं? मग लाज वाटली आणि मिसळीच्या गवतातल्या सहाही पिशव्या ओतल्या. मावशी काठीनं जागा दाखवत पुढं चालल्या. "हितं कवाच बसवली न्हाईत." वापरलेल्या पिशव्या पुन्हा चालत नाहीत आणि कोऱ्या चारच उरल्या होत्या, तेवढ्या भरल्या.

ढाब्यावरची ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी चुकवू नका. मी बांधून घेतली, पण बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले. पाचला दहा मिनिटं कमी असताना डबा पोचवला, तळाशी थोडा बर्फ अजून होता.

घरी आल्यावर गेल्या वर्षीची वही उघडली. तोच माळ, प्रत्येक पिशवीची एक ओळ, आणि त्यावर उभा अर्धा प्रबंध. मावशींचा नंबर घेतला होता, तो लावला.

"मावशी, मागल्या साली मेंढरं कुठं बसवली होती?"

"दरसाली जागा बदलतो बाई. आता कुठलं ध्यानात? तवाच इचारायचं की."

वहीत नवा रकाना आखला: कोणाला विचारलं. यंदाच्या मिसळीच्या गवताच्या चार ओळींत कोंडाबाईंचं नाव लिहिलं. गेल्या वर्षीच्या सहा ओळी कोऱ्याच राहिल्या.