चौथी मूठ

देवी आपल्याकडे बघते का, या प्रश्नाला त्या श्रावणात माझं उत्तर ‘नाही’ असंच होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. नववीतून शाळा सोडून धुळ्याकडच्या गावातून सुरतला आलो होतो. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला लागलो आणि दहावीची पुस्तकं ट्रंकेत ठेवून बाहेरून परीक्षेला बसायची तयारी करत होतो. तेवढ्यात खोकताना रक्त पडलं. सरकारी दवाखान्यात क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या एकही दिवस चुकवू नकोस, बरा होशील. ताटा-पेल्यातून हा रोग पसरत नाही, असंही म्हणाले. पण ते त्यांनी मला सांगितलं होतं, माझ्या खोलीतल्या माणसांना नाही.

खोलीत माझा चुलतभाऊ, दादा, आणि गावचेच आणखी चार जण. दादा वाईट माणूस नव्हता, मला सुरतला त्यानेच आणलं होतं. पण त्याने माझं अंथरूण बाहेर ओट्यावर नेऊन टाकलं. वर म्हणाला, “गावाला जाऊ नको बरं का. कळलं तर तुझ्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडेल.” ते खोटंही नव्हतं. आम्ही सगळे गल्लीच्या टोकाला एका मावशीच्या खाणावळीत जेवायचो. मावशी खानदेशातलीच, पण जात आमच्याहून वेगळी. दुसऱ्या दिवशी दादाने तिथल्या खिडकीतला एक स्टीलचा पेला आणून माझ्यापुढे ठेवला. “यातच पी.” मी तो उलटा करून पाहिला. बुडाला खिळ्याने ओढलेली फुली होती.

ती फुली माझीच होती. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, आज लिहितो. आदल्या वर्षी त्या खाणावळीत एक ओडिया कामगार जेवायला यायचा. तो फार खोकायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी एका पेल्यावर फुली ओढली आणि रोज तोच त्याच्यापुढे ठेवायला लागलो. आठवडाभराने त्याने पेला उलटा करून पाहिला, शांतपणे खाली ठेवला आणि अर्ध्या ताटावरून उठला. पुन्हा आला नाही. मिलमध्येही दिसला नाही.

आता तोच पेला माझ्यापुढे होता. मी जेवायला जाणंच बंद केलं. उपाशीपोटी गोळ्या उलटून पडायच्या, मग गोळ्याही सोडल्या. वाटलं, हिशेब बरोबर आहे, मला हेच मिळायला हवं. आठ दिवसांनी ट्रंक उचलली. गाडीत बसायचं एवढंच ठरलं होतं. कुठे उतरायचं ते ठरलं नव्हतं, आणि उतरायचंच नाही असंही मनात येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती. आम्हा खानदेशी लोकांची ही देवी. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. परक्याला द्यायचे नाहीत. मावशीला सांगून जावं म्हणून मी दाराशी गेलो, तेव्हा ती सुपात मुठी टाकत होती. नवरा आणि दोन मुलं, तीन मुठी झाल्या. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. चौथी मूठ पडली. तेव्हा तिची नजर माझ्याकडे होती की सुपाकडे, मला आजही सांगता येणार नाही.

“घरात पुरुष तीन,” दारात बसलेले मावशीचे यजमान, काका, म्हणाले. “ही कुणाची?”

मावशीने सुपात पाहिलं. “पडली खरी.”

“मग काढ.”

“कानबाईच्या नावाने पडलेली मूठ काढतात का कुठे? तुमच्या आईने काढली होती कधी?”

“आणि खाणार कोण? परक्याला रोट चालत नाही.”

मावशीने माझ्या ट्रंकेकडे पाहिलं. “तुनी मूठ पडी गयी रे भाऊ. आते खानंच पडी.”

“तो आपल्यातला नाही,” काका हळू आवाजात म्हणाले. “आणि त्याला काय झालंय, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. हात माझा चुकला, मी निस्तरते.”

“बरा नेमका चुकतो तुझा हात,” काका पुटपुटले. पण दारातले पाय त्यांनी आवरून घेतले, मला आत यायला.

मी आत बसलो आणि मला राहवलं नाही. पेल्याची सगळी गोष्ट तिला सांगून टाकली. ती गहू निवडतच राहिली. मग म्हणाली, “खिळा तू माझ्याकडेच मागितला होतास. कशाला, ते मला कळलं होतं. तरी दिला.”

रोट पुनवेच्या आत संपवायचे असतात, आणि ज्याच्या नावाची मूठ त्याने मध्येच उठून जायचं नसतं, असं मावशी म्हणाली. हा नियम खरा की तिने तेव्हाच केला, मी विचारलं नाही. रोज सकाळी तिच्या घरात, तिच्याच पेल्यातलं दूध आणि रोटाचा तुकडा, वर गोळ्या. पुनव आली तोवर गोळ्या पोटात टिकायला लागल्या होत्या. पुढचे सगळे महिने मी त्या चुकवल्या नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. दादाने पुढे कधी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. बहिणीचं लग्न झालं, मला बोलावणं आलं नाही. दहावी दुसऱ्या खेपेला निघाली, ती सांगायला गेलो तेव्हा मावशी राहिली नव्हती. काकांनी दार उघडलं आणि आत ये म्हणाले, एवढंच. त्या दिवसांत मला एक कळलं. आपण कुणाचे, हे मी एकट्याने ठरवायला गेलो तेव्हा ट्रंक उचलावी लागली होती. ते दुसऱ्या कुणाच्या हातावर सोडलं, तेव्हा जगलो.

आता माझ्या घरी कानबाई बसते. बायको मुठी टाकते. घरच्यांच्या झाल्या की मी म्हणतो, अजून एक. ती दरवर्षी विचारते, “कुणाच्या नावाने?” त्या ओडिया कामगाराचं नाव मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.

“कानबाईला माहीत आहे,” मी म्हणतो.