बाळाच्या आंघोळीपुरतं इंटरनेट

अमेरिकेत धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हापासून आईची बॅग भरत होती. वेखंड, बाळंतशेपा, जुन्या साड्यांची मऊ दुपटी. सव्वा महिना बाळाला आपल्या हातानं न्हाऊ घालायचं, हे तिनं बहिणीच्या लग्नातच ठरवून टाकलं असावं. मग डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं आणि एवढा विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. बॅग कुरिअरनं गेली. आई पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्याजवळ राहिली.

बाळ झालं. जावई त्याला ओल्या स्पंजनं पुसून घेतात, असं बहीण फोनवर म्हणाली. आई म्हणाली, "पुसायला ते काय टेबल आहे?"

मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. घरी कॉम्प्युटर होता, इंटरनेट नव्हतं. ते घेतलं, वर एक वेबकॅम आणला. आमच्या गल्लीत एकाच कंपनीची तार आलेली होती, त्यामुळे निवडायचं असं काही नव्हतं. महिन्याला एक जीबी. त्यापुढे दर एमबीला वेगळे पैसे. एक जीबी म्हणजे किती, हे मला ठाऊक नव्हतं. पुष्कळ असेल असं वाटलं.

आमच्याकडे दिवेलागण झाली की तिकडे सकाळ व्हायची. आई कॉम्प्युटरसमोर जमिनीवर पाटावर बसायची, पाय पसरायची आणि पायांवर गुंडाळलेला टॉवेल उपडा ठेवायची. तिकडे बहीण तशीच बसायची, तिच्या पायांवर खरं बाळ. आई टॉवेलाच्या पाठीला तेल लावायची, बहीण बाळाच्या.

"अगं, घाबरतेस काय? मोडत नाही ते. मोकळ्या हातानं चोळ."

"आई, रडतोय गं तो."

"रडू दे. तू काय हसत आंघोळ केलीस का कधी? आता टाळू भर. आणि नंतर ओव्याची धुरी दे."

"धुरी दिली तर इथे अलार्म वाजेल. आगीचा बंब येईल."

"येऊ दे. त्यांनाही दे थोडी."

महिनाअखेर बिल आलं आणि माझा जवळजवळ अर्धा पगार त्यात गेला. आम्ही दोघी कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. "मावशी, व्हिडिओ म्हणजे नळ पूर्ण सोडून ठेवण्यासारखं आहे," तो म्हणाला.

"मग आम्ही दुसऱ्या कंपनीचं घेऊ," आई म्हणाली. "गंगापूर रोडला दोन-दोन कंपन्या आहेत म्हणे."

"घ्या की. फक्त त्यासाठी गंगापूर रोडला राहायला जावं लागेल."

"तुमचं बरंय," आई उठत म्हणाली. "गावात एकच न्हावी असला की तोही असाच बोलतो."

पण त्यानं दिलेली नळाची उपमा तिला पटली होती. तिचं माहेर मखमलाबादकडचं, गुलाब आणि शेवंती लावणारं. पाटाचं पाणी तिथे पाळीनं यायचं, आणि लहानपणी ती वाफ्यांना दारं धरायची. पाणी मोजकं असलं की एका वेळी एकच वाफा उघडायचा. दोन उघडले की पाळी अर्ध्यात संपते. घरी आल्यावर तिनं हाच नियम इंटरनेटला लावला. संध्याकाळी कॅमेरा सुरू झाला तशी ती मला म्हणाली, "तू आत जा. दोघींनी बघितलं की दुप्पट जातं."

मी समजावून सांगितलं, की एकीनं बघितलं काय आणि गल्लीनं बघितलं काय, सारखंच जातं. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "तू आत जा." त्यानंतर मी वाद घातला नाही. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसायचे आणि बाहेरून आईचा आवाज ऐकायचे.

इतकं जपूनही नव्या महिन्यातली पाळी लवकर आटली. पुढचं बिल मला झेपणार नव्हतं, आणि सव्वा महिना तर अजून पुरा व्हायचा होता. मग बहीण तिकडून स्वस्तातल्या कार्डावर साधा फोन करू लागली. तिकडे फोन स्पीकरवर ठेवलेला, इकडे आई रिसीव्हर कानाशी घट्ट धरून त्याच पाटावर, पाय पसरून. दिसत काहीच नव्हतं. आता मला आत जायला कुणी सांगत नव्हतं. मी शेजारी बसायचे.

"पाणी गार आहे," आई म्हणायची.

"तुला कसं कळलं?"

"रडण्यावरून. हे भुकेचं नाही. गरम घाल थोडं."

तिकडे पाणी ओतल्याचा आवाज यायचा आणि रडणं हळूहळू खाली उतरायचं. आईचे खांदेही त्याबरोबर खाली यायचे.

सव्वा महिना असा पुरा झाला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा चित्र आलं. गालावर मांस धरलेलं, मान सावरू बघणारं बाळ पडद्यावर होतं. आई बघतच राहिली. "मधलं बाळ कुठं गेलं गं?" ती म्हणाली. एवढंच. मग डोळे पुसून तिनं टॉवेल गुंडाळायला घेतला.

आई गेली त्याला आता काही आठवडे झाले. बहिणीला वेळेवर पोहोचता आलं नाही. आमच्या फाटकावर हल्ली तीन-तीन कंपन्यांची पत्रकं अडकवलेली असतात, अमर्याद डेटा, पहिला महिना फुकट. काल संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला.

"ताई, तो पाट आहे का अजून?"

मी तो काढला, आई ठेवायची त्याच जागी ठेवला आणि मोबाइल त्याच्या समोर उभा केला.

"चालू राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "आता संपत नाही ना?"

"नाही संपत."

ती पाटाकडे बघत होती. मी उठले आणि आत जाऊन भाजी चिरायला घेतली.