इस्त्रीमामा आणि मंदीचा फोटो

लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीतला माणूस कामावरून घरी आला की आधी त्याची बायकोही त्याला ओळखत नाही, असं आमच्या गल्लीत गमतीने म्हणत. कानात वाळू, नखांत काजळी, मानेवर काळा थर. इस्त्रीमामा मात्र संध्याकाळी यायचे ते पांढऱ्या शर्टाची घडीही न मोडता. सकाळी तसेच जायचे, फाउंड्रीत कपडे बदलायचे, दिवसभर साच्यात वाळू ठासायचे आणि सुट्टी झाली की कारखान्याच्याच नळावर साबण लावून आंघोळ करून पुन्हा शर्ट चढवायचे. गल्लीत नवे आलेले भाडेकरू त्यांना बँकेतले साहेब समजत. मामा तो गैरसमज घाईने दूर करत नसत.

नात्याने ते आमचे कुणी नव्हते. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक होती, एवढंच. पण लहानपणी मला आईने रागावलं की मी मामींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि मामा जमिनीवर घोंगडी अंथरून इस्त्री करत असायचे. कॉलर, मग बाह्या, मग पाठ. तापलेल्या कापडाचा तो वास मला अजून आठवतो. "शर्टाला सुरकुती पडली की तोंडाला पडायला येळ लागत न्हाय पोरी," असं म्हणून ते माझा चुरगळलेला फ्रॉकसुद्धा काढून मागायचे. मामी आतून ओरडायच्या, "आता काय भाकरीला बी इस्त्री करतासा?"

फोटो म्हटलं की हा माणूस वेगळाच व्हायचा. एकदा गल्लीची सहल पन्हाळ्याला गेली होती. तटावर पोचेपर्यंत सगळ्यांची दमछाक झाली होती, तोंडं लालबुंद. फोटो काढायची वेळ आली तर मामांनी खिशातून कंगवा काढला आणि तो सगळ्यांच्या हातून फिरवला. शेवटचा माणूस भांग पाडेपर्यंत फोटो काढू दिला नाही. आम्ही पोटभर हसलो. तेव्हा ते मला म्हणाले होते, "हसा. आमचा बाप लई देखणा गडी हुता म्हणं. पण त्याचा फोटो एकच हाय, तापातला. दाढी वाढल्याली, डोळं खोल गेल्यालं. आता मला बाप म्हटलं की त्यो आजारी माणूसच दिसतोय. अडचण चार म्हैन्याची असती, फोटो जलमाचा."

त्यानंतर मी त्यांच्या कंगव्याला कधी हसले नाही.

मग ती मंदी आली. गाड्या खपेनाशा झाल्या म्हणून त्यांचे सुटे भाग कुणी मागेना, आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांतली लेथ यंत्रं एकेक करून गप्प झाली. तिथून जाताना आपलंच बोलणं मोठ्याने ऐकू यायला लागलं. मामांच्या फाउंड्रीत आधी एक पाळी बंद झाली, मग आठवड्यातले दिवस कमी झाले, मग गेटला कुलूप लागलं. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्याच कुलपामागे अडकलेली होती.

एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर मंदीवर काहीतरी करायचं म्हणून येणार असल्याची बातमी आली. आता मामांना राहवतंय होय? त्यांनी सकाळपासून गल्ली झाडून घेतली. सडा घातला. पोरांची डोकी तेलाने चोपडली. बायकांना ट्रंकेतल्या साड्या काढायला लावल्या आणि स्वतः दारोदार फिरून गड्यांचे शर्ट इस्त्रीला गोळा केले. फोटोग्राफर बिचारा मोटारसायकलवरून उतरला आणि बघतच राहिला.

"मामा, मला मंदीचा फोटो पाहिजे हो. लग्नाचा नको."

"पावणं, मंदी हाय म्हणून काय आमी आंघूळ करायची न्हाय व्हय?"

त्याने दोनचार फोटो काढल्यासारखं केलं आणि चहा पिऊन गेला. दोन दिवसांनी पेपरात फोटो छापून आला तो भलत्याच माणसाचा. फाउंड्रीच्या गंजक्या गेटापाशी एक म्हातारा डोकं हातात धरून बसलेला. खाली लिहिलं होतं, 'उद्याचं काय?' मामांनी तो पाहिला आणि ते गदागदा हसायला लागले. तो तिथला वॉचमन होता, आणि दुपारच्या जेवणानंतर तो रोज तसाच डुलकी घ्यायचा. "आरं, सगळ्या कारखान्यात पगार चालू असल्याला ह्यो एकटाच गडी," मामा म्हणाले, "आन् मंदी बी ह्योच!"

हसलो खरे. पण त्या पेपरामुळे लोकांना वाटलं की मंदी म्हणजे तो म्हातारा. चांगल्या साड्या नेसून उभ्या राहिलेल्या आमच्या बायकांच्या चुली कशा चालल्या आहेत, ते कुणी विचारायला आलं नाही.

त्याच पावसाळ्यात मामी मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. नोकरी होती तोवर कामगार विमा होता. नोकरीबरोबर तोही गेला. सांधा बदलावा लागेल, आणि लवकर, नाहीतर बाई पुन्हा उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी विकण्यासारखं होतं ते विकलं. मग दवाखान्यातल्याच कुणीतरी एका संस्थेचा पत्ता दिला, जी मोबाइलवर रुग्णाची माहिती टाकून लोकांकडून मदत मिळवते.

संस्थेची मुलगी दवाखान्यात आली तेव्हा मी तिथेच होते. चांगली मुलगी होती, मामींच्या उशाशी बसून त्यांच्याशी गप्पा मारल्या तिने. मामांनी मामींचे केस विंचरून अंबाडा घातला होता, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं होतं, आणि स्वतः कडक इस्त्रीचा शर्ट घालून खाटेशेजारी छाती काढून उभे होते. तिने फोटो काढला आणि टाकला. मदत जवळजवळ आलीच नाही. खाली लोकांनी लिहिलं मात्र बरंच. 'यांना कसली मदत?' 'काकांचा शर्ट बघा, आमच्यापेक्षा भारी.' एकाने तर हसणारी तोंडं टाकली होती.

मुलगी पुन्हा आली. तिलाच बोलायला जड जात होतं. "काका, लोक फोटो बघून देतात. मी काय करू? जरा साधे कपडे... आणि मान थोडी खाली."

मामांच्या घरात फाटका कपडा नव्हता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पांढरा शर्ट बादलीत बुडवला, पिळला आणि तसाच गोळा करून उन्हात ठेवला. मी दारातून बघत होते. त्यांचे हात एरवी ओला कपडा झटकून सरळ करायचे; त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा पीळ देत होते. मला ओरडावंसं वाटलं, थांबवावंसं वाटलं. पण थांबवून देणार काय होते मी त्यांना? माझा पगार आणि माझी हळहळ, दोन्ही त्या ऑपरेशनच्या पासंगालाही पुरणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते तो शर्ट घालून खाटेवर बसले. पण मुलीने कॅमेरा उचलला की मान आपोआप ताठ व्हायची. एकदा, दोनदा, तीनदा. ते स्वतःच ओशाळून म्हणाले, "सवय हाय गं बाई, काय करू." तेव्हा मामी पडल्या पडल्या हळूच म्हणाल्या, "आवो, खाली बघा की. मला उभं ऱ्हायचंय."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. तसा त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

त्या फोटोवर पैसे आले. कुठून कुठून आले. ज्यांनी दिले त्यांचं भलं होवो, मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या मुलीचाही मला राग येत नाही. खरं सांगायचं तर राग कुणाचा करावा तेच मला आजतागायत कळलेलं नाही, आणि तेच जास्त छळतं.

मामी बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालायला लागल्या. काही महिन्यांनी फाउंड्रीचं गेट अर्धवट उघडलं आणि मामांना ठेकेदाराकडे का होईना, काम मिळालं. पहिल्या दिवशी ते पूर्वीसारखे निघाले, पांढरा शर्ट, भांग, सायकल. चौकातल्या कट्ट्यावरून कुणीतरी आवाज दिला, "मामा, नाटक झकास केलासा की!" संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर दोन फोटो शेजारी शेजारी फिरत होते. एका बाजूला दवाखान्यातले मामा, दुसऱ्या बाजूला सायकलवरचे. खाली लिहिलं होतं, 'खरे कोणते?'

मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "मामा, असल्यांच्या थोबाडावर सांगा ना. तुम्ही काय चोरी केलीय?"

"त्यांचं सोड. ती आपलीच पोरं हायती," ते म्हणाले. "पण ज्यांनी दिलं ती माणसं कोण, कुठली, मला म्हाईत न्हाय. एखादा वाटंत गाठ पडला, आन् मी असा नवरदेवावानी दिसलो, तर त्याला काय वाटंल?"

त्या दिवसापासून मामांनी इस्त्री केली नाही. कपडे स्वच्छ असायचे, पण चुरगळलेले. दाढीचे खुंट वाढू द्यायचे. मामी चिडायच्या, रडायच्या, त्यांना चोरून शर्टावर तापवलेला तांब्या फिरवायच्या. मामा तो शर्ट घालण्याआधी हातात धरून मुठीत आवळायचे.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा-मामी गारगोटीला मुलीकडे राहायला गेले, त्यामुळे मला त्यांचं शेवटचं नीट आठवतं ते त्या मांडवातलं. गल्लीचा एकत्र फोटो काढायचा होता. मामी हिरवी साडी नेसून पुढच्या खुर्चीवर बसल्या. मामा कुठे दिसेनात. ते मांडवाच्या टोकाला, चपला काढल्या होत्या तिथे, खांबाला टेकून उभे होते. मी शालू सावरत स्टेजवरून उतरले आणि त्यांचा हात धरला. म्हटलं, "चला, तुमच्याशिवाय फोटो नाही काढायचा."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. नुसते थोपटत राहिले.

"पोरी, माजा फोटो झालाय काढून. आता नवा काढला तर त्यो जुना खोटा ठरंल. आन् तुजी मामी त्याच्यावरच उभी हाय."

मी परत येऊन उभी राहिले. फोटोग्राफरने विचारलं, "आले का सगळे?"

मी हो म्हटलं. त्या फोटोत मी छान हसते आहे.